विनंती बदली

शाळेतली तरुण शिक्षिका कमल ऑफिसात आली आणि खुर्चीवर न बसताच बोलायला लागली, तेव्हाच सुगंधाबाईंनी ओळखलं की हे नंदकिशोर सरांचंच काहीतरी असणार. घाटकोपरच्या त्या पालिका शाळेत मुख्याध्यापिकेच्या डोक्याला ताप म्हणजे गळकं छप्पर, संपलेले खडू आणि नंदकिशोर सर. बाईंना तिथे नऊ वर्षं झाली होती, निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि आता सगळ्याचाच वीट आला होता.

नकाशांच्या खोलीत सर मागून आले, दार लोटलं, खांद्यावर हात ठेवला, मग हात खाली गेला. कमल ओरडली नाही, कारण शेजारच्या वर्गात तिचीच पोरं पाढे म्हणत होती. हे तिने खाली बघत सांगितलं, पण आवाज कापला नाही.

अशा वेळी काय करायचं ते सुगंधाबाईंचं ठरलेलं होतं. बभ्रा नको, चौकशी नको. सरळ विनंती बदलीचा अर्ज. 'घरगुती अडचणीमुळे' हा मजकूर त्या स्वतः सांगायच्या, वर जाऊन शब्द टाकायच्या, की महिन्याभरात पोरीची सुटका. सरांचीच तक्रार घेऊन आलेल्या प्रेमाची केली, राधाची केली. दोघी जाताना पाया पडल्या होत्या. आपण पोरींना वाचवतो असंच बाईंना वाटायचं, आणि का वाटू नये? दुसरं कोण काय करत होतं त्यांच्यासाठी?

कमल मात्र अर्ज लिहायला तयार होईना. तिचं मूल सात महिन्यांचं. मधल्या सुट्टीत सासू त्याला पाजायला शाळेत आणायची. नवऱ्याची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. लांब दिंडोशीला नाहीतर आरे कॉलनीकडे बदली झाली, तर नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मी का जाऊ, बाई?" ती म्हणाली. "मी काय केलंय?"

सुगंधाबाईंना राग आला, तोही कमलचा, कारण समोर तीच होती. त्यांनी तिला समजावलं, दटावलं, सरांच्या वर कुठपर्यंत ओळखी आहेत तेही सांगून झालं. पोरगी हटेना. शेवटी वैतागून त्यांनी तिने लिहून दिलेल्या तक्रारीवर 'पुढील कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा मारला आणि कागद टपालात टाकला. म्हटलं, जा एकदाचा.

दहा दिवसांनी विभाग कार्यालयातून कागद परत आला. तिथले अधिकारी चंद्रप्रकाश साहेब यांनी एकच खुलासा मागितला होता. या शिक्षकाविरुद्ध पूर्वी अशी तक्रार आली आहे काय? नसल्यास तक्रारदार शिक्षिकेची बदली करून प्रकरण बंद करण्यात येईल.

बाईंनी कपाट उघडलं. सरांची फाइल धुतल्या तांदळासारखी. प्रेमा आणि राधा घरगुती अडचणीने गेलेल्या, तसे त्यांच्या सहीचे अर्जच होते. शब्द न् शब्द सुगंधाबाईंनी सांगितलेला. त्या माणसाला इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणी ठेवलं नव्हतं, त्यांनीच ठेवलं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

तीन दिवस कागद टेबलावर पडून राहिला. 'नाही' लिहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती, दप्तरात खरंच काही नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, की दोन तक्रारी तोंडी आल्या होत्या, त्या मी दाबल्या आणि बदलीचे अर्ज मीच सांगून लिहून घेतले. कागद घेऊन त्या स्वतःच विभाग कार्यालयात गेल्या.

साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि चहा मागवला. हे आवकच्या नोंदवहीत चढलं तर सरांच्या आधी तुमची चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, असं ते बरंच काही बोलले. माणूस वाईट नव्हता.

"घरी घेऊन जा," ते शेवटी म्हणाले. "मी हे पाहिलंच नाही."

न्यावा असं सुगंधाबाईंना खरंच वाटलं. पाय दुखत होते, घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. तरी त्या उठून आवकच्या टेबलाशी गेल्या, कागद दिला आणि शिक्का मारून पोच घेतली.

पुढच्या महिन्यात चौकशीपुरतं का होईना, नंदकिशोर सरांना दुसरीकडे पाठवलं. कमल जागेवर राहिली. सुगंधाबाईंच्या नावाने नोटीस निघाली आणि ती दुपारपर्यंत शाळेत सगळ्यांना कळली.

संध्याकाळी कमल ऑफिसात आली. आभार मानेल असं बाईंना वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली. कमल म्हणाली, की राधाबाईंना तिने निरोप धाडला होता, साक्षीला या म्हणून. त्या येणार नाहीत. बदलीनंतर जाण्यायेण्यात चार-चार तास जायला लागले, वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली, आता त्यांना शाळेचं नावही नको.

"त्यांच्या वेळी का नाही लिहिलंत, बाई?"

उत्तरं पुष्कळ होती. काळ वेगळा होता, वरचे साहेब वेगळे होते. सुगंधाबाईंनी त्यांतलं एकही दिलं नाही.

"तू नाही म्हणालीस," त्या म्हणाल्या. "राधा माझं ऐकायची गं."