डावी नळी

पद्मिनीने दुनळी बंदूक मधोमध उघडली, आत काडतूस नसल्याची खात्री केली आणि नळ्या खिडकीकडे धरून आरपार पाहिलं. समोर स्टुलावर नुमाता-सान मांडीवर टोपी ठेवून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. बंदूक त्यांच्या वडिलांची, आणि जन्मभर त्यांनी तीच वापरली होती. तळ्यावर बदकांच्या शिकारीला येणारे सोबती एकेक करून गेले, नाहीतर परवाने परत करून मोकळे झाले. उरले हे एकटे. त्यात आता पक्ष्यांच्या पोटात शिसं जातं म्हणून त्या तळ्यावर शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आली होती. या बंदुकीत पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं चालतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

चालणार नव्हती. नळ्यांची जाडी मोजताक्षणीच पद्मिनीला ते कळलं. शिसं मऊ, अरुंद जागेतून दबून निघून जातं. पोलाद कुठलं दबतंय? त्यात जुन्या नळ्या पातळ, आणि डाव्या नळीचं तोंड तर छर्रे लांबवर एकत्र जावेत म्हणून चांगलंच आवळलेलं. तिथे पोलाद अडलं की नळी फुगणार, आणि नशीब फुटकं असेल तर फाटणार. उपाय नव्हता असं नाही. बिस्मथचे छर्रे मिळतात, ते जुन्या नळीला शिशासारखेच सोसतात. ते मागवावे लागले असते, हंगामाचे थोडे दिवस वाया गेले असते, इतकंच.

मग हे तोंडावर सांगून टाकायला काय झालं होतं? पण खरी गोम तिथेच होती. नवऱ्याच्या कॉन्ट्रॅक्टपायी पद्मिनी पुणं सोडून जपानात, ग्योतोकुला आली, घरात बसून वैतागली, आणि इचिकावातल्या या बंदुकांच्या दुकानात बाइतो करायला, म्हणजे अर्धवेळ पुसापुशीला लागली. हात हलका होता. मालक कुरिहारा-साननी तिला सफाई शिकवली, मोजमापं शिकवली. एकाच गोष्टीवरून ते तिला सारखे टोकत, ते म्हणजे तिचं पुणेरी तोंड. गिऱ्हाइकाला ती फाडकन ‘नाही’ म्हणून मोकळी व्हायची. तसं म्हणायचं नसतं, ते समजावत. दातांमधून श्वास आत ओढायचा, ‘जरा अवघड दिसतंय’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. पुढचं गिऱ्हाईक आपणच ओळखतं. पद्मिनीने हे वर्षानुवर्षं घोटून अंगवळणी पाडलं. आता कुरिहारा-सान इस्पितळात होते आणि दुकान तिच्या भरवशावर. त्यांच्या इतक्या जुन्या गिऱ्हाइकाशी ती वावगं कशी वागणार?

तिने श्वास आत ओढला.

“जरा अवघड दिसतंय,” ती म्हणाली. “बंदूक जुनी आहे. थोडा विचार केलेला बरा.”

नुमाता-साननी मांडीवरची टोपी उचलली. मग मान हलवून त्यांनी आभार मानले. ते पुढे काही विचारतील, मग आपण बिस्मथचं सुचवू, असं तिने ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. ते गेले, तेव्हा पद्मिनी स्वतःवर खूश होती. कुरिहारा-साननी ऐकलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, असं तिच्या मनात आलं.

हंगाम सुरू झाला आणि नुमाता-सान परत आले. बंदूक त्यांनी कापडात गुंडाळून आणली होती. डाव्या नळीच्या तोंडापाशी बोटातल्या अंगठीसारखा फुगवटा आला होता, आणि दोन नळ्यांना जोडणारी पट्टी उकलली होती. पद्मिनीने आधी त्यांचे हात पाहिले. दहाही बोटं शाबूत होती. आवाज वेगळा आला, मी दचकलो, तेवढंच, ते म्हणाले. मालक आजारी असताना तिला आणखी त्रास नको म्हणून पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं त्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतली होती.

“मी म्हटलं होतं, अवघड आहे म्हणून,” ती कशीबशी म्हणाली.

“म्हणालात ना,” नुमाता-सान म्हणाले. “कुरिहारा-सान तसं म्हणाले असते तर मी बंदूक गुपचूप कपाटात ठेवली असती. पण तुम्ही तर पहिल्यापासून सरळ बोलणाऱ्या. म्हणून तर तुम्हाला विचारायला आलो होतो. धोका असता तर तुम्ही ‘नाही’च म्हणाला असता, असं मी धरून चाललो.”

आणि वर त्यांनीच वाकून तिची माफी मागितली, समजण्यात माझी चूक झाली म्हणून. पद्मिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तरी तिला परवडलं असतं.

मग त्यांनी विचारलं, दुरुस्त होईल का. सवयीने तिचा श्वास आत गेला. तो तिने तसाच सोडून दिला.

“नाही, नुमाता-सान. ही आता कधीच चालवायची नाही. उजवी नळीसुद्धा नाही.”

त्यांनी मान डोलवली. या वयात दुसरी बंदूक, नवे परवाने, हे काही आता होणं नाही, ते म्हणाले. नियमाप्रमाणे हिचे तुकडे करायचे ते तुम्हीच करा.

संध्याकाळी घरी नवऱ्याला, रविकांतला तिने सगळं सांगितलं. “अगं, मला दिवसातून दहादा नाही म्हणतेस,” तो म्हणाला, “त्यांना एकदा म्हणायला काय झालं होतं?” तो सहज बोलून गेला. पण ती जेवणावरून उठली आणि बाल्कनीत जाऊन रडली.

पोलिसांकडचे सोपस्कार उरकल्यावर नुमाता-सान ठरल्या दिवशी आले. ते घरी थांबले असते तरी चाललं असतं, तसं पद्मिनीने सुचवूनही पाहिलं होतं. तिने नळ्या शिकंज्यात आवळल्या आणि करवत लावली. बाहेर राहिलेलं टोक फार थरथरत होतं, पातं घसरत होतं.

“मी धरतो,” नुमाता-सान म्हणाले.

त्यांनी कोट काढून स्टुलावर ठेवला, बाह्या सारल्या आणि फुगवट्याच्या मागे दोन्ही हातांनी नळ्या धरल्या. पद्मिनी थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण ते खाली बघत होते. करवत पुन्हा चालू झाली, तशी कापणं सरळ व्हावं म्हणून त्यांनी पकड आणखी घट्ट केली.