एवढंसंच तर आहे

कोळनेर स्टेशनवर कुणी "एवढंसंच तर आहे" असं म्हटलं की सुगंधाच्या चाकाच्या खुर्चीखालचा फलाट वीतभर खाली जायचा. अख्खा फलाट नाही, खुर्चीपुरता चौकोन. बाकीची माणसं जागच्या जागी असायची. गाव वाईट माणसांचं असतं तर सुगंधा केव्हाच गाडीत चढली असती. पण कोळनेरच्या लोकांना दुसऱ्याला धीर दिल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला ती तरी काय करणार?

त्या दिवशी मात्र तिला जायलाच हवं होतं. धाकटी बहीण शालन नागपूरला दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, आणि अक्का आल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत असा तिने हट्ट धरला होता. लहानपणी हीच शालन सुगंधाला पाठुंगळी घेऊन शाळेत न्यायची. तिला आता ताटकळत ठेवायचं म्हणजे सुगंधाच्या जिवाची तगमग होत होती.

अपंगांचा डबा गाडीच्या अगदी शेपटाला. दिगंबरने, तिच्या नवऱ्याने, खुर्ची ढकलत तिथवर नेली. दाराला दोन पायऱ्या होत्या.

"अहो, काही बोलू नका हं," सुगंधा घाईने म्हणाली.

"नाही बोलत."

तेवढ्यात खिडकीतून एक बाई म्हणाली, "उचला की हो, एवढंसंच तर आहे!" फलाट उतरला. दोनाच्या तीन पायऱ्या झाल्या.

हमाल धावत आले. "घाबरू नका ताई, एवढंसंच तर आहे," म्हणत त्यांनी हात घातले, ते हवेतच राहिले. दिगंबर वरून ओढायला म्हणून डब्यात चढला. झेंडा काखेत मारून गार्डही आला. "बाई, तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी हलवणार नाही," तो म्हणाला, आणि त्याने शब्द पाळला. मग त्याने काठावरून वाकून बघितलं आणि मायेने तेच वाक्य म्हटलं. कुणी दोर आणला, कुणी चादर, कुणी वेटिंग रूममधलं बाकडं उचलून आणलं. जो येई तो आधी धीर देई. एकाच्याही मनात काळंबेरं नव्हतं. चिडायला तरी कुणी वाईट लागतं, तेही सुगंधाला मिळेना. तिला नुसतं रडू येत होतं.

चारी बाजूंना आता मातीच्या ओल्या भिंती होत्या. दिगंबर दारात पालथा पडून हात लांबवत होता. लग्न झाल्यापासून त्याने ते वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली.

"दे हात," तो धापा टाकत म्हणाला. "एवढंसं..."

त्याने जीभ चावली. वाक्य अर्धंच झालं होतं, म्हणून फलाट अर्धी वीत उतरला. तेवढ्याने बोटं सुटली.

मांडीवरचा फोन वाजला.

"अक्का, निघालीस?" शालनचा आवाज अगदी खोल गेला होता.

"निघाले गं."

"दमले मी. अजून किती आहे?"

सुगंधाने वर बघितलं. लांब आहे म्हटलं असतं तर शालनने तिथेच डोळे मिटले असते. तिने फोन खांद्याशी दाबून धरला आणि दोन्ही हातांनी खुर्चीची चाकं घट्ट पकडली.

"एवढंसंच तर आहे, शाले," ती म्हणाली. "एवढंसंच."

फलाट सुटला. या वेळी तो थांबेना.

"मग नर्सबाईंना सांगते," कानात शालन म्हणत होती, "दार उघडंच ठेवा म्हणून."

वरून सगळ्यांनी अजून हात खाली सोडलेले होते, एवढे एवढेसे, आणि त्यांतला दिगंबरचा कोणता ते तिला ओळखू येईना.