विसावं नाव

मित्रांनो, वरवट बकालजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेच्या लोखंडी कपाटात सगळ्यात जाड आणि सगळ्यात मळकं जे दाखल-खारीज रजिस्टर आहे ना, ते मी. शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव माझ्यात लिहिलं जातं. माझी शिवण उसवली आहे, कोपरे वाळवीने खाल्ले आहेत. स्वभाव मात्र अजून कडक आहे.

पाटलाचं पोर आणि सालदाराचं पोर माझ्या एकाच पानावर शेजारी बसलं. माळी, बौद्ध, मुसलमान, कोरकू, सगळे आले. मी कधी कुणाला सरकून बस म्हटलं नाही. पुढे गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊ लागली आणि पट घसरत घसरत एकोणीसवर आला. महिनाअखेर वीस मुलं नसतील तर शाळा बंद, असं वरून कळलं. माझा जीव टांगणीला लागला.

त्याच आठवड्यात वीटभट्टीवर काम करणारी वंदना आपल्या मुलीला, डिंपलला, घेऊन आली. जवळ कागद एकही नव्हता. शाळा समितीचे अध्यक्ष उकंडराव समोरच बसले होते.

"मॅडम, हे भट्टीवाले चार महिन्यात चालले जातीन. जन्मतारखेचा पत्ता नाही. लोक बोगस पट म्हनतीन. काऊन लिहून राह्यल्या?"

मुख्याध्यापिका कोकिळाबाईंनी माझी जुनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नाव उकंडराव, जन्म एक जून. वरच्या मुलाचाही एक जून, खालच्याचाही! तेव्हा कुणाच्याच आईला तारीख सांगता येत नव्हती, म्हणून गुरुजींनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.

"भाऊ, तुमच्या मायजवळ तरी कोनता कागद होता?"

उकंडरावांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि मला बाईंकडे परत सरकवलं.

"लिहा," ते म्हणाले.

"अन् तुमचा नातू? त्या पिवळ्या गाडीत जानाऱ्या शिवमले आपल्या शाळेत कधी आनता?" बाईंनी विचारलं.

"त्याचं काऊन काढता आता!" म्हणत ते चप्पल शोधू लागले.

बाईंनी डिंपलचं नाव लिहिलं. पट वीस झाला. अभिमानाने मी फुगलो! चार महिन्यांनी ती जाईलही. पण जाईल ती दाखला घेऊन, ताठ मानेने.

मित्रांनो, मला नवं कव्हर घालू नका. तुमच्या शेजारचं शाळेबाहेर राहिलेलं पोर हाताला धरून आणा. कागद नाही म्हणून कुणी अडवलंच, तर त्याला सांगा, आधी या रजिस्टरात तुमचं नाव शोधा, मग बोला.