पुडीतली मादी

रोहिणी वाघमारे जर्मनीत कार्ल्सरूहेच्या एका संग्रहालयात मेलेले पतंग पसरून टाचणीला लावायचं काम करायची. हसू नका, त्याला पीएच.डी. लागते! प्रोबेत्साइट संपायला, म्हणजे नोकरी पक्की व्हायची की जायची हे ठरायला, चार दिवस उरले होते. समोर कॅमेरूनच्या जंगलातून कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी आणलेल्या पुड्या होत्या. वर्तमानपत्राची त्रिकोणी घडी, आत एकेक पतंग.

एका पुडीवर शिसपेन्सिलीनं 'मादी?' असं लिहिलं होतं. या जातीचे जगभरात तीन नर ठाऊक, मादी एकही नाही. तिच्या साहेब फ्राऊ ब्रांट यांनी बजावलं होतं, "आधी दोन दिवस ओलसर डब्यात. मगच उघडायची." बरोबरच आहे, सुकलेला पतंग म्हणजे पापडच.

रोहिणीला हे सगळं तोंडपाठ. घात केला तो सवयीनं. आत आहे तरी काय, एवढंच बघावं म्हणून तिनं बोटानं कागदाची कड उचलली आणि, अगं बाई, तोंड जवळ नेऊन फू करून फुंकर मारली! पुडी झकास उघडली. डावा पंख मोडून टेबलावर पडला.

झालं!

तिचे बाबा, नामदेव, हिंगोलीत शाळेच्या फाटकाबाहेर फुटाण्याची गाडी लावायचे. कागदी पिशवीची कड अंगठ्यानं उचलायची, फू करायचं, पिशवी फुगली की फुटाणे ओतायचे. शाळा सुटली की फुंकर मारायचं काम रोहिणीचं. मैत्रिणी हसतात म्हणून नववीत तिनं ते सोडलं, तर बाबांनी एका शब्दानंही विचारलं नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आज आले, आणि आले ते असे! रोहिणीला रडूच कोसळलं.

पुडी पुन्हा मिटली असती तर कुणाला कळणार होतं? पंख वाटेत मोडला म्हणायचं, सुटायचं. मन दहादा तेच सांगत होतं. पण बाबांच्या सवयीला चोरीचा माल करायचं तिच्या जिवावर आलं. डोळे पुसून ती फ्राऊ ब्रांटसमोर जाऊन उभी राहिली.

"फुंकर?" त्या बघतच राहिल्या. "का?"

रोहिणीनं गाडीसकट सगळं सांगितलं.

"आल्झो, तर मग," बाई म्हणाल्या, "पंख चिकटवता येईल. मादी आहे की नाही ते पोटावरून कळेल. पण कुणी मोडला, कसा मोडला, ही चिठ्ठी लिहा. ती टाचणीला कायमची राहील."

"आणि माझी नोकरी?"

"उरलेल्या पुड्या मी उघडू? सोमवारी सही करायला या. आणि चिमटा वापरा."

जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला, गयाबाईंना, फोन लावला. जयभीम घालून सगळं सांगितलं. आई आधी पोट धरून हसली, मग म्हणाली,

"रोहिणी, मार ना एकदा. फोनमध्ये."

रोहिणीनं फोन तोंडाशी नेला आणि फुंकर मारली.

"लांब झाली गं," आई म्हणाली. "ते तोडून मारायचे. परत मार."