साल एक्कावन्न

दाजींचा धंदा खोट्या दातांचा आणि छंद खोट्या गिटारींचा. "नकली दात, नकली बाजे," त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नशीब माझं, बायको तेवढी अस्सल केली." दाजी यावर मनापासून हसायचे. तिच्या थोरल्या भावाने त्यांना पहिल्यांदा 'दाजी' म्हटलं, आणि तेव्हापासून दातांचे डॉक्टर, पोस्टमन, लिफ्ट दुरुस्त करणारा, अशा सगळ्या जगाचेच ते दाजी होऊन बसले होते.

गिटार म्हणजे साधी गिटार नव्हे, तर बेस. चार जाड तारांचा, लांब दांडीचा, गाण्याच्या तळाशी घुमत राहणारा. तो बंद पडला तरच लोकांना कळतं की इतका वेळ कुणीतरी वाजवत होतं. अमेरिकेतल्या नामांकित बेसच्या हुबेहूब नकला एके काळी जपानी कारखान्यांनी काढल्या होत्या. त्या शोधून काढणं आणि नेमकी कुठली कधीची ते ओळखणं, हे दाजींचं वेड. अशा अकरा नकला त्यांच्याकडे होत्या. जबड्यांचे प्लास्टरचे साचे खालच्या फळीवर आणि बेस वरच्या खुंट्यांवर, अशी त्यांची कामाची खोली होती.

"नक्कल म्हणून नाक मुरडू नका," ते पाहुण्याला सांगायचे. "एकाच कारखान्यातून निघायच्या आणि दुकान बदललं की टोकावरचं नाव बदलायचं. एका आईची लेकरं, आडनावं सतराशे साठ." मग ओळखायचं कसं याचं पुराण सुरू व्हायचं. लाकूड एकसंध आहे की आत प्लायवुड आहे, मापं इंचात बसतात की मिलिमीटरमध्ये, स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपला स्क्रूड्रायव्हर नीट पकडते की तो घसरतो. पाहुणा तोवर जांभया द्यायला लागलेला असायचा.

एवढ्या वर्षांत दाजींची पारख एकदाच चुकली होती. आणि चुकायची होती ती नेमकी घरातच चुकली.

थोरले मेहुणे छापखान्यात मशीन चालवायचे आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. खर्जातले सूर सगळे त्यांच्या वाट्याचे, म्हणून मंडळींनी त्यांचं नाव खर्जे ठेवलं. ते इतकं रुळलं की छापखान्याच्या हजेरीपटावरही एकदा तेच आलं. माणूस तापट, पण चिडला की त्यांचा आवाज वर जात नसे, खाली जाई. आवाज जितका खाली, तितका धोका मोठा, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

त्यांचा बेस बोटीवरच्या एका वादकाकडून आलेला होता. टोकावरचं नाव कुणीतरी आधीच खरवडून टाकलेलं. खर्जेंनी तो अकरा वर्षं मनमुराद वाजवला, बसच्या टपावरून नेला, त्याच्यावर चहा सांडला, एकदा त्याला टेकून झोपलेही. मग दाजींना हा छंद लागला आणि ते म्हणाले, "दादा, द्या इकडे, याचं कूळ-मूळ काढतो." नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो, तसा तो उत्साह होता. जेवणाच्या टेबलावर त्यांनी मागचे चार स्क्रू काढले. स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. दाजींनी ते घामावर ढकललं. दांडी सुटून हातात आली आणि तिच्या बुडाशी शाईचा शिक्का दिसला: 51.

हा प्रकार अमेरिकेत पहिल्यांदा बाजारात आला तोच मुळी एक्कावन्न साली. दाजींनी दांडी अलगद टेबलावर ठेवली. "दादा," ते म्हणाले, "हा पहिल्या वर्षातला आहे. अस्सल." खर्जेंचा चेहरा पांढरा पडला. "आणखी काही उघडू नका," ते म्हणाले, "आहे तस्सं बंद करा." दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी काचेचं कपाट आणलं, बेस आत ठेवला आणि कुलूप लावलं. इतक्या दुर्मीळ वस्तूला ओरखडा पडला तर आपल्याला कोण माफ करील, असं ते म्हणायचे. ऑर्केस्ट्रात ते दुसरा एक नवा बेस वाजवायला लागले. तो त्यांच्या हातात कधी बसला नाही. पुढे ऑर्केस्ट्राही मोडला.

सहा महिन्यांनी दाजींची भट्टी बिघडली. पोर्सेलीनचे दात भाजायची ती जपानी भट्टी जुनी होती आणि तिच्या मागच्या पत्र्यावर 53 कोरलेलं होतं. "त्रेपन्न सालची आहे, पण अजून धडधाकट," दाजी मेकॅनिकला म्हणाले. मेकॅनिक हसला. "त्रेपन्न कसली? तिकडे राजा गादीवर बसला की सालं पुन्हा एकपासून मोजतात. हे त्या राजाचं त्रेपन्नावं वर्ष. पंचवीस मिळवा. अठ्ठ्याहत्तर सालची आहे तुमची भट्टी."

दाजींनी एक्कावन्नात पंचवीस मिळवले आणि मटकन स्टुलावर बसले. शहात्तर. खर्जेंच्या कपाटात अमेरिका नव्हतीच, जपान होता.

सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत दाजींनी ते पुढे ढकललं. एकदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. एकदा तोंड उघडलं, तर खर्जेंनीच त्यांना मिठी मारली आणि बेस बघायला आलेल्या लोकांना सांगितलं, "यांच्यामुळे कळलं बरं का मला, माझ्याकडे काय आहे ते." त्यानंतर दाजींची जीभ जी टाळूला चिकटली, ती साडेसतरा वर्षं.

परवा दाजींची बायको भावाकडून आली ती पिशवी टेबलावर ठेवून तशीच उभी राहिली. "दादाची बोटं आखडलीत हो. शर्टाचं बटण लागेना. मी लावून दिलं तर माझ्याकडे बघेचना."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सांध्यांचा आजार आहे, वाढतच जाणार. बोटं चालतात तोवर चालवा म्हणाले, वाजवत होतात तर वाजवा. मी म्हटलं, काढ तो कपाटातला. तर म्हणतो, त्याला हात लावायचा हक्क आता मला नाही. आणि तो नवा हातात धरवत नाही म्हणे, जुन्यावर बोटं आपोआप जायची." ती खुर्चीत बसली. "फार तर वर्षभर चालतील म्हणे बोटं. मग कुलपात काय आणि बाहेर काय."

दाजी बराच वेळ एका साच्यावरचं प्लास्टर नखाने खरवडत राहिले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, शिक्क्यापासून भट्टीपर्यंत.

"साडेसतरा वर्षं?" ती म्हणाली. "अहो, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. माझं वजन तुम्ही भाजीवाल्याला सांगितलंत. आणि हे एवढं पोटात ठेवलंत?"

"ते माझ्याशी बोलायचे बंद होतील."

"होईल तर होईल. उद्या सकाळी जा. मी येणार नाही, निस्तरा तुमचं तुम्ही." आणि मग उठता उठता, "दोन घास खाऊन जा मात्र. शिव्या उपाशीपोटी लागतात."

दार उघडायला खर्जेंना वेळ लागला. आतून कडीशी झटापट ऐकू येत होती. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. खोली लख्ख होती, आणि समोर काचेच्या कपाटात तो बेस. त्याच्या पायाशी खर्जेंनी स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेलं जाड कार्ड उभं केलेलं होतं: 'साल १९५१. कृपया हात लावू नये.'

"दादा," दाजी उभ्यानेच म्हणाले, "मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर राहून जाईल."

सगळं ऐकून झाल्यावर खर्जेंनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सहा महिन्यांतच."

"आणि दर महिन्याला तुम्ही इथे येऊन, त्या खुर्चीत बसून, चहा पिऊन जात होतात."

"हो."

"दाजी," खर्जे म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

दाजी बसून राहिले. निघून जावं असं दहा वेळा मनात आलं. पण आजवर ते दर वेळी निघूनच गेले होते, म्हणून आज गेले नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी खर्जे किल्ली घेऊन बाहेर आले. किल्ली कुलपात फिरेना. दाजी उठले, तशी "बसा," अशी करडी आज्ञा झाली. खर्जेंनी दोन्ही हातांनी धरून किल्ली फिरवली, बेस छातीशी घेऊन टेबलापर्यंत आणला आणि आडवा ठेवला.

"उघडा. या वेळी पूर्ण."

दाजींनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो पहिल्याच स्क्रूवर घसरला. "बघा," दाजी ओशाळून म्हणाले, "तेव्हाही घसरला होता. जपानी फुली आपल्या पात्याला बसत नाही. मी म्हटलं, घाम." त्यांनी पुढची पांढरी प्लेट काढली. खाली लाकडाचे थर एकावर एक स्वच्छ दिसत होते. प्लायवुड. आता वादाला जागाच नव्हती. मग दांडी काढली. तिच्या खालचा पुठ्ठ्याचा जुना तुकडा भुगा होऊन टेबलावर पडला.

खर्जेंनी छापखान्यातलं भिंग आणलं आणि शिक्क्यावर धरलं. एकेक आकडा त्यांनी कडेकडेने तपासला. "हाताने मारलाय," ते म्हणाले. "एकाच्या पायाशी शाई जास्त बसलीय. पण दाब सरळ आहे. गडी घाईत नव्हता." त्यांनी भिंग थरांवर नेलं, तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपच्या खाचेवर नेलं. "ही खाच बघा. इथे कुणाचं लक्ष जाणार होतं? तरी कडा घासून गुळगुळीत केल्यात. ज्याने केलंय त्याने मनापासून केलंय."

"दादा, पण अस्सल नाही."

"मी चाळीस वर्षं एकाचे हजार छापले, दाजी. मला कुणी खोटारडा म्हटलं नाही. तुमच्या कवळ्यांनी माणसं काय खोटं जेवतात?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ती अकरा वर्षं मी जे वाजवलं, ते यावरच ना?"

"यावरच."

"मग झालं." ते थांबले. "म्हणजे आता वाजवला तर कुणाचं काही बिघडत नाही."

"कुणाचंही नाही."

खर्जेंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसायची घाई केली नाही. दाजी खाली बघत म्हणाले, "दांडीखाली काहीतरी घालायला हवं, नाहीतर तारा खूप वर राहतील. जाड कागद आहे का?" खर्जे कपाटाकडे गेले, ते कार्ड उचलून आणलं आणि दाजींच्या हातात दिलं. दाजींनी त्याची घडी करून दांडीच्या खाचेत बसवली, दांडी लावली, स्क्रू आवळले.

अठरा वर्षांच्या तारा काळ्या पडल्या होत्या. अॅम्प्लिफायर कधीच कुणाला देऊन टाकलेला. खर्जेंनी खुर्ची पुढे ओढली, बेसचं शिंगासारखं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं आणि जाड तार छेडली. सगळं टेबल घुमलं. दाजींच्या कोपरापर्यंत तो सूर आला. खर्जेंचं तिसरं बोट वळत नव्हतं, करंगळी तर बाजूलाच राहिली होती. त्यांनी दोन बोटांत जमेल असं काहीतरी शोधलं, चुकले, पुन्हा सुरू केलं. हळू, पण ठेका पक्का. ज्या बोटांना मघाशी कडी निघता निघत नव्हती ती दांडीवर आपापली जागा न बघता धरत होती.

दाजींना भरून आलं. आपण खरं लपवून ज्याचं इतकं काढून घेतलं, त्याने आपल्याला हे ऐकायला बसू दिलं, याचे आभार कसे मानायचे ते त्यांना कळेना. आणि कुणाकुणाचे? घरातून ढकलून काढणाऱ्या बायकोचे, की कुठल्यातरी शेडमध्ये बसून खाचेच्या कडा घासणाऱ्या त्या माणसाचे?

"दादा," ते म्हणाले, "मला खरंच—"

"आलात ते बरं केलंत," खर्जे वाजवता वाजवताच म्हणाले. "आणखी वर्षाने आला असतात तर मला नुसतं कळून काय उपयोग होता? आता गप्प बसा. शिव्या उद्या घालतो. आज बोटं चालताहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन वाजला. खर्जे शब्दाला जागणारे होते. साडेसतरा वर्षांच्या शिव्या त्यांनी एकही न गाळता घातल्या, आणि आवाज इतका खालचा की दाजींच्या बायकोने लांबूनच ओळखलं आणि ती तोंडाला पदर लावून आत गेली. दाजींनी त्या सगळ्या उभं राहून ऐकल्या. एवढं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. शिव्यांच्या मध्ये मध्ये खर्जेंना थांबावं लागत होतं, कारण फोन त्यांनी मान वाकडी करून खांद्यात धरला होता आणि दोन्ही हात बेसवर होते.