स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाईक

शी! त्या सकाळची नुसती आठवण झाली तरी मला चहा कडू लागतो. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून दे. सोडते हो, पण आधी ऐकून तर घ्या.

अकरा वर्षं मी परमुलखात पडदे शिवते. दुकान दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकांसाठी एक खुर्ची. मागे माझं मशीन, कापायचं लांब टेबल आणि इस्त्री. वरच्या मजल्यावर घर. नवरा घरोघरी जाऊन खिडक्यांची मापं घेतो, दांड्या ठोकतो आणि बायकांशी गोडगोड बोलतो. कापणं, अस्तर लावणं, चुण्या घालणं, सगळं माझ्याकडे. त्याला सुईत दोरा ओवायचा तरी चष्मा, उजेड आणि मी, तिन्ही लागतं.

तर एक दिवस करखात्याचं पत्र आलं. परदेशी माणसाचं छोटं दुकान कुठल्या वर्गात बसतं, ते अधिकारी स्वतः येऊन पाहणार होते. एकट्याचा धंदा असेल तर कर हलका. दोघांनी मिळून चालवला तर ती भागीदारी, आणि भागीदार परदेशी असले की कर जवळजवळ तिप्पट. समोरचा बेकरीवाला आणि त्याची बायको दोघं मिळून दुकान चालवतात, पण ते इथलेच, त्यांना काही नाही. आम्ही दोघांनी हात लावला की यांच्या पोटात दुखतं. असल्या नियमांचा मला वीट आलाय.

पण त्याहून घाण गोष्ट त्या पत्राला जोडलेली होती. आमच्याकडून दरवर्षी भरून जाणाऱ्या कागदाची प्रत. त्यात लिहिलं होतं, पत्नी : व्यवसाय नाही, पतीवर अवलंबून. मी ते तीनदा वाचलं. बोटांना सुया टोचून घट्टे पडलेत माझ्या, आणि कागदावर मी घरी बसून खाणारी!

हे फक्त मानापमानाचं नव्हतं. इथे राहायचा माझा परवाना नवऱ्याच्या परवान्याला टाचलेला. उद्या तो गेला किंवा त्याने मला घालवलं, तर महिन्याभरात मला देश सोडावा लागेल. दहा वर्षं स्वतः काम केल्याचं सरकारदरबारी नोंदलेलं असलं की स्वतःचा परवाना मिळतो. माझी दहा कधीच झाली, अशा समजात मी अर्जसुद्धा आणून ठेवला होता. आणि नोंद किती वर्षांची? शून्य.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

नवरा ताग्यांची धूळ झटकायला लागला. "अगं, कर वाचतो त्याने. सल्लागार म्हणाला, सगळेच असं लिहितात."

हा सल्लागार म्हणजे आपलीच भाषा बोलणारा एक गृहस्थ. मी त्याला मनातल्या मनात तोंडपाटील म्हणते. इथल्या परक्यांचे कागद भरून देतो, फी घेतो आणि वर चहा पिऊन जातो. संध्याकाळी तो आला, ऐसपैस बसला आणि म्हणाला, "वहिनी, काही काळजी करू नका. त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक व्हायचं."

"काय व्हायचं?"

"गिऱ्हाईक. पुढच्या खुर्चीत पर्स घेऊन बसायचं. येणारी अधिकारी बाई आहे; घरी राहिलात तर ती वर येऊन चौकशा करेल. आणि यांना शिवताना काही अडलं तर तुम्ही समोर हव्यात. चुकले की खोकायचं."

मला वाटलं थट्टा करतोय. नवऱ्याकडे पाहिलं तर तो मान डोलावत होता. "अहो, आणि माझा परवाना?" मी म्हटलं. "पुढच्या वर्षी बघू," दोघं एकदम म्हणाले. तिप्पट कराच्या धाकाने मीही मूग गिळून बसले. त्याबद्दल मला माझीही किळस येते, ती काही मी लपवत नाही.

ठरल्या दिवशी मी चांगले कपडे घालून माझ्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन बसले. अधिकारी बाई आली. पन्नाशीची, सपाट चपला, बगलेत फाइल. तोंडपाटील लगबगीने पुढे झाला. "बायको काम करत नाही ना?" तिने नवऱ्याला विचारलं. "छे हो," नवरा म्हणाला, "ती घरी असते. पाठदुखी आहे तिला." बरी आठवण झाली पाठीची! रोज दहा तास मशीनवर वाकल्याने तर ती दुखते.

"थोडं शिवून दाखवा," बाई म्हणाली. मधलं दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. मशीनवर माझा अर्धा झालेला मखमली पडदा होता. नवरा बसला. अस्तर उलटं धरलं. मी खोकले. त्याने पडदा उलटा केला, अस्तर तसंच. मी पुन्हा खोकले. मग चुण्यांमधल्या टाचण्या न काढताच त्याने पाय दाबला, खट्‌कन सुई मोडली आणि मखमलीला भोक पडलं. मी इतकी खोकले की अधिकारी बाईने मला पाणी आणून दिलं. तोंडपाटील दात काढत म्हणाला, "नवीन मशीन आहे, बाई." मशीन सात वर्षांचं आहे.

 बाईने फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "तुम्ही गिऱ्हाईक आहात. साक्षीदार म्हणून सही कराल?"

मी वाचलं. या दुकानाशी आणि मालकाशी माझा काहीही संबंध नाही, कधी नव्हता. इथलं सगळं काम मालक एकटा करतो. खाली सहीची जागा, पूर्ण नावासकट. ही सही केली की माझी अकरा वर्षं मीच माझ्या हाताने पुसली. मग कुठला अर्ज आणि कुठला परवाना!

तोंडपाटलाने पेन पुढे केलं. हसत, आपल्या भाषेत, हळूच म्हणाला, "करा वहिनी, पटकन. तिला कुठे काय कळतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नवरा त्याच्यामागे उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता, कर सही, कर. मी पेन काउंटरवर ठेवलं.

"मी गिऱ्हाईक नाही," मी इथल्या भाषेत, येते तेवढ्या, ठणकावून सांगितलं. "मी यांची बायको. इथला एकूण एक पडदा मी शिवलाय. अकरा वर्षं."

बाई नवऱ्याकडे वळली. "खरं आहे?"

खरं सांगू? तेव्हाही मला वाटलं होतं, हा आता मान खाली घालेल आणि हो म्हणेल. रात्री भांडेल, कराच्या नावाने बोटं मोडेल, पण हो म्हणेल. त्याने तोंडपाटलाकडे पाहिलं. तोंडपाटील छताकडे बघत होता. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मी या बाईंना ओळखत नाही," तो म्हणाला.

मी रडले नाही.  या माणसाचं ताट मी सकाळीच वाढलं होतं. मी पर्समधून ओळखपत्र काढलं आणि बाईच्या हातात दिलं. ती ते आणि दुकानाचा कागद शेजारीशेजारी धरून ताडून पाहू लागली.

"आडनाव एकच आहे," ती म्हणाली. "पत्ताही."

मी आत गेले. मोडकी सुई काढली, नवी बसवली, टाचण्या उपटल्या, अस्तर सरळ केलं आणि भोक आत दुमडून चुणी घातली. एक, दोन, पाच, दहा. बाई उभी राहून पाहत होती. तोंडपाटील कधी सटकला ते मला कळलंच नाही.

"भागीदारी लिहावी लागेल," ती अखेर म्हणाली. "पहिल्या वर्षापासून. कामाची वर्षं तुमच्या नावे लागतील, पण कराचा सगळा फरकही निघेल आणि निम्मा तुम्हाला भरावा लागेल. विचार करा."

"लिहा," मी म्हटलं.

"अगं, वेडी झालीस का? बुडू आपण!" नवरा ओरडला. आपल्या भाषेत, आणि अगं! मघाशी ज्या बाईंना ओळखत नव्हता, त्यांना.

मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाई टेबलाच्या कोपऱ्यावर फाइल ठेवून एकेक रकाना विचारत भरत होती. माझं नाव, माझं काम, कामाची वर्षं. अकरा, असं तिने आकड्यात लिहिलं आणि मग अक्षरातही. शेवटचा रकाना दुसऱ्या भागीदाराचा होता.

"यांना तुम्ही कधीपासून ओळखता?" तिने विचारलं.

"आजपासून," मी म्हटलं.