टेस्ट लॅम्पची साक्ष

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही फार अपेक्षा ठेवणार नाही. मी टेस्ट लॅम्प आहे. गाडीच्या तारेत वीज आहे की नाही, एवढंच मला कळतं. असली तर मी पेटतो, नसली तर पेटत नाही. यापलीकडे माझं कशावरही मत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेच्या कडेला, केवळराम मिस्त्रींच्या टिनाच्या दुकानात झाला. भंगारातल्या एका स्कूटरचा बल्ब, तिचाच होल्डर, घासून टोकदार केलेला सायकलचा स्पोक, दोन तारा आणि एक चिमटा, एवढ्यात मी तयार झालो. केवळरामभाऊंनी मला बॅटरीला लावलं, मी पेटलो, ते म्हणाले, "झालं." माझं बारसं एवढंच.

मग वर्षानुवर्षं मी गाड्यांच्या पोटात शिरत राहिलो. पावसाळ्यात तर मला थंड व्हायलाही वेळ मिळत नसे. पाणी मोठं लबाड असतं. ते शिरतं पुढच्या काचेखालून आणि बंद पाडतं मागचा दिवा. तारेच्या अंगावरून सरकत जातं आणि भलतीकडेच ठिबकतं. मालक म्हणतो, काल तर चांगली होती. गाडी काल चांगलीच असते, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यावर विश्वासही बसायला लागला आहे.

त्या काळात लोक माझं कौतुक करत. पुढे दुकानात पडदेवाला स्कॅनर आला. तो इंग्रजीत बोलतो आणि एका दमात वीस दोष सांगतो. मी एकच सांगायचो. साहजिकच माझी रवानगी ग्रीसच्या रिकाम्या डब्यात झाली.

यंदाच्या श्रावणात मोहाडीचे धानाचे व्यापारी मारोतराव आले. त्यांची गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली होती. गाडीत स्टिअरिंगवर त्यांचा ड्रायव्हर प्रविण होता. नऊ वर्षं तो त्यांच्याकडे होता. हॉर्न आपोआप वाजत होता आणि रोज सकाळी बॅटरी उतरलेली सापडत होती.

"हॉर्नचं सोडा," मारोतराव म्हणाले. "बॅटरी हाच उतरवते. दुपारी गाडीत बसून गाणे ऐकते. म्या बाजारात चारचौघांत सांगतलं, आता याले ठेवत नाही. तुम्ही फक्त तपासून द्या, म्हंजे याची खातरी होईन."

"मी कायचे गाणे ऐकतो जी," प्रविण म्हणाला. "नऊ वर्षं तुमचेच भजनं ऐकून राहिलो."

"उलटा बोलू नोको."

प्रविण गाडीतून उतरून बाजूला उभा राहिला. मारोतरावांनी काढलेल्या ड्रायव्हरच्या हाती मोहाडीत दुसरं कोणी गाडी देणार नव्हतं, आणि हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

केवळरामभाऊंनी दुकानातली भरलेली बॅटरी लावली. कोणी हात न लावता हॉर्न वाजला. स्कॅनर जोडला, तर त्याने चोवीस दोष दाखवले. त्यात एक दोष या गाडीत नसलेल्या एअरबॅगचा होता. भाऊंनी तो बंद केला, मला डब्यातून काढलं आणि पँटला पुसलं.

त्यांनी बॅटरीची एक तार सोडली आणि तार व बॅटरी यांच्या मधे मला जोडलं. गाडीतलं सगळं बंद होतं. अशा वेळी मी पेटायला नको. मी पेटलो.

"गाडी बंद, प्रविण बाहेर उभा," भाऊ म्हणाले. "आता गाणे कोण ऐकून राहिलं जी?"

मग ते एकेक फ्यूज काढू लागले. पहिला काढला, मी पेटलेलाच. दुसरा, तिसरा, तरी पेटलेला. हॉर्नचा काढला आणि मी विझलो. भाऊंनी डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्सच्या मागे हात घातला. हात ओला झाला. त्यांनी चाचपून एक फडक्याची पोटली ओढून काढली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं आणि चार बोटं लांब पिवळट कोंब लोंबत होते.

"पऱ्हे!" प्रविण ओरडला. धानाच्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. ती बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात. गाडीत मी पहिल्यांदाच पाहिली.

"हे कोणं ठेवलं?" भाऊंनी विचारलं.

मारोतराव हायवेकडे पाहू लागले. "मोबाइल भिजला का तांदळात ठेवतेत ना," ते शेवटी म्हणाले. "पायापाशी ओल दिसली. तांदूळ गिरणीतून यायचे होते, म्हणून धानच बांधला. ओल ओढून घेईन म्हटलं."

"ओढली ना. आता बांधीत रोवणी करा."

मग भाऊंनी बोनेट उघडलं. गाडी मळणीच्या जागेशेजारी उभी राहायची. काचेखालचं पाणी बाहेर जाण्याचं भोक तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, गच्च बुजलं होतं. पाण्याला बाहेरची वाट नव्हती, म्हणून ते तारांवरून आत आलं. ओल्या पोटलीने ते फ्यूज बॉक्सला चिकटवून ठेवलं आणि तिथल्या पितळी टोकांवर हिरवा गंज चढला; त्या ओलीतून वीज गळून हॉर्न वाजू लागला आणि बॅटरी उतरू लागली.

भाऊंनी भोक मोकळं केलं, टोकं घासली, सगळं वाळवलं. हॉर्नचा फ्यूज मात्र हातातच ठेवला.

"बसवू का, प्रविण?"

"मालकाले विचारा जी. मी तं कामावरून गेलो."

मारोतराव काहीतरी पुटपुटले.

"काय म्हनलं? हायवे आहे, ऐकू येऊन नाही राहिलं."

"चुकलं म्हनलं माहं!" समोरच्या टपरीवरचे चहावाले वळून पाहू लागले.

"इथं नोको, मालक," प्रविण म्हणाला. "मोहाडीत बोलले, मोहाडीत सांगा."

मारोतरावांनी मजुरीचे पैसे मोजले. फ्यूज बसला. दोघे गाडीत बसून निघून गेले. मी डब्यात परतलो. मारोतराव मोहाडीत काही सांगणार नाहीत, असं मला वाटलं होतं. मी वीज ओळखतो, माणसं नाही.

दहा-बारा दिवसांनी मोहाडीचाच एक जण पाणी शिरलेली गाडी घेऊन आला. मला तारेला टोचलेलं असताना तो भाऊंना सांगत होता, "मारोतराव बाजारात उभा राहून सांगे, पोरगं निर्दोष आहे, पोटली म्याच ठेवली. लोकं पोट धरून हासले. आता त्याले पऱ्हेवाले म्हनतेत. प्रविण? हाये ना कामावर. कालच भंडाऱ्याले गाडी घेऊन गेला."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझा बल्ब कोणत्याही दुकानात मिळतो. गाडीत पाणी शिरलं तर आधी पाण्याची वाट शोधा, काचेखालचा पालापाचोळा काढा, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी घ्या. घाईत आधीच घेतलं असेल, तर जिथे घेतलं त्याच बाजारात जाऊन परत करा. लोक हसतील. मारोतरावांनाही हसले.